इलेक्ट्रोफोरेसिसचं यमक

आधीच सांगून टाकते, मला कविता करता येत नाहीत. मी इंग्रजी शिकवते. आमच्या भागात या दोन गोष्टी वेगळ्या आहेत हे कोणाला पटवून देता येत नाही. ज्या बाईला इंग्रजी येतं तिला सगळंच येतं, असा इकडचा पक्का समज. बँकेचा फॉर्म, मोबाईलवर आलेला धमकीचा मेसेज, फवारणीच्या बाटलीवरची सूचना, टीव्हीचा बिघडलेला रिमोट, सगळं माझ्याकडे येतं. सायवनच्या पुढे डोंगराच्या अंगाला असलेल्या शाळेत मला अठरा वर्षं झाली. सरावलीहून रोज शेअर जीपने जाते आणि येते, आणि दोन्ही वेळेला जीपमध्ये कोणी ना कोणी माझ्या हातात एखादा कागद ठेवतंच.

त्यामुळे तीन वर्षांपूर्वी, जानेवारीत, सिस्टरने मधल्या सुट्टीत येऊन माझ्यापुढे एक चिठ्ठी ठेवली तेव्हा मला वाटलं, असेल कसल्यातरी औषधाचं नाव. सिस्टर म्हणजे शाळेच्या पटांगणापलीकडे जे आरोग्य उपकेंद्र आहे तिथली नर्स. आम्ही दोघी डहाणूला एका कॉलेजात होतो, त्यामुळे ती मला मॅडम म्हणत नाही आणि विनंतीही करत नाही, सरळ कामाला लावते. चिठ्ठीवर एकच शब्द होता. इलेक्ट्रोफोरेसिस. ती म्हणाली, यावर गाणं कर, पुढच्या महिन्यात शिबिरं सुरू होतायत.

मी हसले. ती हसली नाही.

इकडे सिकलसेलचा आजार आहे. रक्तातल्या गोल पेशी विळ्यासारख्या वाकतात, अडकतात, माणसाचं अंग ठणकतं, ताप येतो, लहान मुलांचे हातपाय सुजतात. हे आईबापांकडून येतं. एकाकडूनच आलं तर माणूस नुसता वाहक, त्याला सहसा काही होत नाही, तो भात लावतो, नाचतो, म्हातारा होतो. पण नवराबायको दोघंही वाहक निघाले तर होणाऱ्या प्रत्येक मुलाला चारात एक धोका. शाळेत मुलांची पहिली चाचणी होते ती एवढंच सांगते की रक्तात काहीतरी आहे. नक्की काय आहे ते दुसरी चाचणी सांगते, आणि तिचं नाव हे असं. अडचण अशी होती की सिस्टर पाड्यांवर जाऊन चाचणी झाली का विचारायची तेव्हा लोक हो म्हणायचे. खोटं नाही, पहिली झालेली असायची. तिने काही दिवस 'मोठी चाचणी' म्हणून पाहिलं, तर लोकांना वाटलं ती मोठ्या माणसांची. शेवटी आरोग्य केंद्रातले डॉक्टर म्हणाले, कागदावर जो शब्द छापलाय तोच लोकांच्या तोंडी बसला पाहिजे, बाकी सगळ्याने घोटाळा होतो. आणि इकडच्या माणसाच्या तोंडी काही बसवायचं तर गाण्याशिवाय दुसरा मार्ग नाही.

सिस्टरने तीन गोष्टी बजावल्या. शब्द अख्खा आला पाहिजे. दोघांनी करायची, एकट्या बाईने नाही. आणि मूल होण्याआधी करायची. हे तिसरं तिने दोनदा सांगितलं. मी मान हलवली आणि नववीच्या तासाला गेले.

इथून माझ्या डोक्याला जो ताप सुरू झाला तो सात-आठ दिवस उतरला नाही. गाण्यात अवघड शब्द लोकांच्या लक्षात राहायचा असेल तर तो ओळीच्या शेवटी हवा, आणि शेवटी हवा तर त्याला जोड हवी. मी आधी मोबाईलवर इंग्रजी यमकं शोधली. तिथे यमकांच्या याद्या देणारी दुकानंच आहेत. एकात पूर्ण यमकं, दुसऱ्यात जवळची यमकं. पूर्ण यमकांत पहिलं होतं थीसिस. आमच्या पाड्यावर थीसिस. त्याखाली एक्झेजेसिस म्हणून काहीतरी होतं, ते मलाच शब्दकोशात बघावं लागलं. धर्मग्रंथाचा अर्थ लावण्याला म्हणतात म्हणे. बरं, साहेबाच्या तोंडी हा शब्द रीसिस असा संपतो आणि आमच्याकडे सगळे, अगदी डॉक्टरसुद्धा, रेसिस म्हणतात. म्हणजे जी यमकं इंग्रजीत पूर्ण ती इथे आल्यावर आपोआप लंगडी. जवळच्या यमकांची यादी तर विचारूच नका. तिच्यात नीसेस होतं, पीसेस होतं, आणि असे काही शब्द होते की ते जवळचे असतील तर मुंबई आणि नागपूर शेजारी आहेत.

मी चिडून मोबाईल ठेवला आणि मराठीकडे वळले. निदान इथे आपलं राज्य आहे असं मला वाटलं होतं. मनातल्या मनात इस-ईस लावून मी जीपमध्ये बसायचे. पोलीस, नोटीस, ऑफिस, ओलीस, कासावीस, खवीस. बाजूला बसलेली भाजीवाली बाई माझ्याकडे बघून सरकून बसली.

माझ्या नवऱ्याचं तलासरीला तहसील कचेरीसमोर झेरॉक्सचं दुकान आहे. त्याला हा प्रकार फार आवडला. गुजराती घरातला माणूस, मराठी शाळेत शिकलेला, त्यामुळे दोन्ही भाषांमध्ये आगाऊपणा करू शकतो. संध्याकाळी दुकान बंद करून आला की दारातूनच एक यमक फेकायचा. चाळीस. बेचाळीस. त्रेचाळीस. मी म्हटलं, आकडे पुरेत. तर दुसऱ्या दिवशी म्हणाला, मालीस. तिसऱ्या दिवशी त्याने ओळच करून आणली, की खवीस मानगुटीवर बसायच्या आत इलेक्ट्रोफोरेसिस करा. मी त्याला सांगितलं की सरकारी गाण्यात भूत घालता येत नाही. तो म्हणाला, मग सरकारी गाणं कोण ऐकणार? हे त्याचं म्हणणं खरं होतं आणि म्हणूनच मला जास्त राग आला.

पहिला मसुदा मी पोलीसवर केला. सिस्टरने वाचला आणि म्हणाली, पोलीस हा शब्द ऐकला तर माणसं शिबिराच्या दिवशी रानात जाऊन बसतील. दुसरा कासावीसवर. तो डॉक्टरांनी परत पाठवला, लोकांना घाबरवायचं नाही म्हणून. मग मला बक्षीस सापडलं. मी अगदी खूश होते. 'निरोगी बाळ हे मोठं बक्षीस, दोघं मिळून करा इलेक्ट्रोफोरेसिस.' अर्थ चांगला, चाल सहज बसणारी, धमकी नाही. सिस्टरने वाचून कागद माझ्याकडे सरकवला. ती म्हणाली, लोक बक्षीस मागायला येतील. मी म्हटलं, अगं, बाळ हे बक्षीस असं लिहिलंय. ती म्हणाली, तू पंधरा वर्षं इथे काय केलंस? इथे गाणं म्हणजे दवंडी. गाण्यात आलं ते खरं. मी कुठून देऊ बक्षीस?

मला तेव्हा तिचा संताप आला होता. एवढं जमलेलं यमक. शाळेत मी मुलांवर उगाच खेकसत होते, चाचणी परीक्षेवर देखरेख करताना बोटांनी टेबलावर मात्रा मोजत होते, आणि एका मुलाने वेळ संपली का विचारलं तर त्यालाच ओरडले. मला कोणीतरी सांगायला हवं होतं की बाई, जुळत नसेल तर नाही जुळत, सोडा. पण माझा स्वभाव असा की एकदा एखादी गोष्ट अडली की ती कशासाठी हवी होती हे मी विसरते आणि नुसती ती सोडवायच्या मागे लागते. शब्दकोड्यातही मी अशीच करते.

आणि मग जोड सापडली ती शाळेच्या स्वयंपाकघरात. आमच्याकडे मुलांची खिचडी शिजवणारी मावशी आहे. ती तांदूळ निवडताना तिच्या मुलीशी बोलत होती, कोणाच्या तरी लग्नाला किती दिस राहिले याचा हिशेब चालला होता. दिस. मी दारातच थांबले. दिस आणि रेसिस. मराठीत पूर्ण यमक, इकडच्या रोजच्या बोलण्यातलं, कोणाला शिकवावं लागणार नाही असं. वर्गात जाईपर्यंत ओळी तयार होत्या.

'हळदीच्या आधी एक दिस, दोघं करा गं इलेक्ट्रोफोरेसिस.'

मी त्या दिवशी वर्गातल्या सगळ्यांना वीसपैकी वीस दिले असते.

सिस्टरने ओळी दोनदा वाचल्या. म्हणाली, चाल चांगली बसेल. मग म्हणाली, पण मी मूल होण्याआधी सांगितलं होतं. मी म्हटलं, हळदीच्या आधी म्हणजे मूल होण्याच्या आधीच ना? ती म्हणाली, इकडे?

इथे मला थांबून सांगायला हवं. आमच्या या पाड्यांवर पुष्कळ जोडपी आधी एकत्र राहायला लागतात. दोन्ही घरांची संमती असते, गावाला माहीत असतं, कोणी नाक मुरडत नाही. मुलं होतात. लग्न मग मागाहून, सगळ्या गावाला जेवू घालण्याची ऐपत आली की. कधी दोन वर्षांनी, कधी दहा. मी स्वतः अशा लग्नांना गेले आहे जिथे नवरीच्या कडेवरचं मूल तिच्या मुंडावळ्या ओढत होतं. एकदा तर बाप आणि मुलगा एकाच मांडवात नवरदेव म्हणून उभे राहिले होते. तेव्हा मला हे माहीत नव्हतं असं म्हणायची सोय नाही. मला चांगलं माहीत होतं. सिस्टरला मी म्हटलं, लोकांना कळतं गं, हळदीच्या आधी म्हणजे लवकर, आणि एक दिस म्हणजे एखादा दिवस काढून. तिने पुन्हा एकदा मूल घालता येतं का बघ म्हटलं. मी तिला मूलवर काय काय जुळतं ते ऐकवलं. चूल, भूल, हूल. शिबिर चार दिवसांवर आलं होतं. डॉक्टरांना ओळी आवडल्या. सिस्टरने त्या वहीत उतरवून घेतल्या.

गायला मी मावशीच्याच मुलीला उभं केलं. माझी जुनी विद्यार्थिनी, दहावीला इंग्रजीत काठावर पास, पण गळा असा की प्रार्थनेला ती गैरहजर असली तर सगळी शाळा बेसूर व्हायची. तिने माझ्या ओळी हळदीच्या गाण्याच्या चालीत घातल्या, पुढेमागे स्वतःच्या चार ओळी जोडल्या आणि ढोलवाल्याला बरोबर घेतलं. कैनाडच्या शिबिरात पहिल्यांदा म्हटलं तेव्हा मी हजर होते. ती तो राक्षसी शब्द इतक्या सहज म्हणायची की तो शब्द गोव्यातल्या एखाद्या गावाचं नाव वाटायचा. बायका दुसऱ्या वेळेपासून तिच्या मागे म्हणायला लागल्या. मला भरून आलं, आणि मी ते लपवायला सिस्टरशी खुर्च्यांवरून भांडले.

पुढचे काही महिने ते गाणं सगळीकडे होतं. सायवनच्या बाजारात, तलासरीच्या नाक्यावर, जीपमध्ये. माझ्या नवऱ्याच्या दुकानात कोणीतरी मोबाईलवर लावलं तेव्हा त्याने शेजारच्या वकिलाला सांगितलं की हे माझ्या बायकोचं आहे, आणि खवीसची ओळ कापली नसती तर आणखी चाललं असतं. मग एका लग्नसराईत डीजेवाल्यांनी ते उचललं. हळदीचं नाव आहे, हळदीची चाल आहे, म्हणजे हळदीचंच गाणं. झालं. अंगाला हळद लावून माणसं माझ्या ओळींवर नाचायला लागली. हळदीच्या आधी चाचणी करा असं सांगणारं गाणं हळदीतच वाजतंय आणि कोणाला काही खटकत नाही, हे बघून मी घरी येऊन भांडी आपटली. सिस्टर म्हणायची, निदान शब्द तर बसला तोंडी. तेही खरं होतं. माणसं उपकेंद्रात येऊन तो शब्द म्हणायला लागली होती.

पण कधी येत होती? हळदीच्या आधी एक दिस. अगदी एकच. मांडव घातलेला, पाहुणे आलेले, आणि नवरानवरी आदल्या दिवशी रक्त द्यायला हजर. रक्त तालुक्याला जातं, कागद यायला दोन-तीन आठवडे लागतात. सिस्टरने पहिल्या जोडप्याला हे सांगितलं तर त्यांनी तिलाच समजावलं की गाण्यात असंच आहे. तिने मला फोन करून जे ऐकवलं ते मी इथे लिहीत नाही. मी म्हटलं, मी लिहिलेलं कोणी असं शब्दशः धरेल हे मला काय माहीत. ती म्हणाली, मी सांगितलं होतं. आणि खरंच, बक्षीसच्या वेळी तिने सांगितलं होतं.

तरीही मला ते तेव्हा नुसतं वैतागाचं प्रकरण वाटत होतं. उशिरा का होईना, येतायत ना लोक. ज्यांना आधीच मुलं झाली आहेत आणि हळद लागायची आहे, त्यांचा विचार माझ्या मनात यायचा आणि मी तो बाजूला ठेवायचे.

मावशीची मुलगी गाणं म्हणायला लागली त्याच्या आधीच्या दिवाळीपासून तलासरीकडच्या एका मुलाबरोबर राहत होती. चांगला मुलगा, वीटभट्टीवर ट्रॅक्टर चालवायचा. गाण्याच्या दौऱ्यांत ती आमच्याबरोबर जीपमध्ये असायची, सिस्टरच्या शेजारी बसून शेंगा खायची. सिस्टरने तिला एकदा विचारलंही होतं की तुझी झाली का गं. शाळेतल्या पहिल्या चाचणीत तिच्या रक्तात काहीतरी आहे असं आलेलं होतं, ते सिस्टरच्या वहीत होतं. ती म्हणाली, करणार आहोत दोघं. सिस्टरला वाटलं, करतील. मला वाटलं, हिला कोण सांगणार, हीच तर जगाला सांगते आहे. मग ती त्याच्या गावी राहायला गेली, दौरे संपले. पुढल्या वर्षी पावसाच्या तोंडावर तिला मुलगी झाली. तिथल्या नर्सबाईंनी सिकलसेलची चाचणी झाली आहे का विचारलं होतं आणि ती म्हणाली होती, झाली आहे. पहिली झालेलीच होती. मोठी ती हळदीला करणार होती.

मागच्या मे महिन्यात तिची हळद ठरली. शाळेला सुट्टी लागली होती, पण मी निकालाच्या कामाला गेले होते. सिस्टरने पटांगणाच्या पलीकडून हाक मारली. मी गेले तर उपकेंद्राच्या बाकावर ती बसली होती, नवी चोळी, शेजारी तो ट्रॅक्टरवाला, तिचा होणारा नवरा, नव्या शर्टात, आणि त्याच्या मांडीवर अकरा महिन्यांची मुलगी. मला बघून ती उठली, पाया पडली आणि लग्नाची पत्रिका दिली.

"गान्यात सांगलाय तसेच आलो, मॅडम," ती म्हणाली. "उद्या हळद हाय."

तिला वाटत होतं मी खूश होईन. सिस्टर माझ्याकडे बघत नव्हती. तिने बाळाची मूठ हातात धरली होती आणि अंगठ्याने हळूच दाबून बघत होती. बाळाची दोन्ही पावलं आणि एका हाताची बोटं सुजली होती, भिजलेल्या शेंगांसारखी फुगलेली. बाळ रडत नव्हतं, कण्हत होतं. आई म्हणाली, असं दोनदा झालं आहे, भगताने दोरा दिला की उतरतं. सिस्टरने तिघांचं रक्त घेतलं. बाळाचं घेताना बापाने तोंड फिरवलं.

दुसऱ्या दिवशी मी हळदीला गेले. न जाऊन काय केलं असतं? मांडवात सगळं गाव होतं. डीजेवाल्याने ते गाणं लावलं तेव्हा बायकांनी मला हाताला धरून मधे ओढलं, गाणं लिहिणारी बाई म्हणून. मी दोन पावलं टाकली. नवरी हळदीने पिवळी होऊन पाटावर बसून माझ्याकडे बघून हसत होती आणि तिची आई बाळाला खांद्यावर घेऊन मांडवाच्या कडेने येरझाऱ्या घालत होती. मी पोट दुखतंय सांगून निघाले आणि जीपची वाट बघत रस्त्यावर उभी राहून स्वतःला मोठ्याने शिव्या दिल्या. रस्त्यावर कोणी नव्हतं.

सुट्टीत मी ओळी बदलायला बसले. मूल होण्याआधी, राहायला लागल्याबरोबर, दोघांनी मिळून. या खेपेला मी यमक शोधलंच नाही. सरळ सांगितलं. कागद घेऊन ढोलवाल्याकडे गेले, त्याने एकदा म्हणून पाहिलं आणि म्हणाला, हे म्हणता येईल, पण मागून कोणी म्हणणार नाही. डीजेवाल्याला फोन केला. तो म्हणाला, मॅडम, जुनंच लोकांना पाहिजे. दोन वर्षं ज्याच्यासाठी मी मान ताठ करून हिंडले ते आता माझ्याच्याने बंद होत नव्हतं.

जूनमध्ये शाळा सुरू झाली त्याच आठवड्यात कागद आले. सिस्टर ते घेऊन स्वयंपाकघरात आली, कारण मावशी तिथे होती आणि मुलगीही बाळाला घेऊन माहेरी आली होती. मावशीने चुलीवरचं पातेलं उतरवलं, तिच्याकडून कागद घेतले आणि नेहमीसारखे माझ्या हातात दिले. सगळं इंग्रजीत होतं. मी आईचा वाचला. वाहक. बापाचा वाचला. वाहक. तिसरा मी वाचला आणि पुन्हा वरून वाचायला लागले, तेव्हा मावशी म्हणाली, "आमच्या पोरीला हाय ना?" मी हो म्हटलं.

सिस्टर मग पुष्कळ बोलली. गोळ्या रोज द्यायच्या, पाणी भरपूर पाजायचं, ताप आला की भगताकडे नाही, थेट दवाखान्यात यायचं, नीट सांभाळलेली मुलं शाळेत जातात, मोठी होतात. दुसऱ्या वेळेस दिवस राहिले की लगेच सांगायचं. तिने गोळ्यांची पाकिटं मोजून दिली आणि पहिली गोळी कशी द्यायची ते दाखवलं. सगळं खरं होतं आणि ती ते चांगलं सांगत होती. मावशी प्रत्येक गोष्टीला मान हलवत होती. मुलीने सगळं ऐकून घेतलं आणि मग माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. वर्गात न कळलेलं विचारायची तसं.

"मॅडम, मंग तुम्ही हळदीच्या आदी असा काहाला लिवलात?"

माझ्याजवळ उत्तरं होती. शिबिर तोंडावर आलं होतं, डॉक्टरांनी पास केलं होतं, लोकांनी समजून घ्यायला हवं होतं. त्यातलं एकही तिच्यासमोर उच्चारता येईना. मी तिला इंग्रजी शिकवलं होतं, आणि तिने माझा प्रत्येक शब्द जसाच्या तसा धरला होता.

"जुळत होतं म्हणून," मी म्हणाले.

तिने जरा विचार केला. एवढ्या गावांत ते म्हटलेली बाई ती.

"जुळत तर होताच," ती म्हणाली, आणि चमच्यात गोळी ठेवून त्यावर पाणी घातलं.